वीटभट्टीपर्यंतची लढाई

अण्णा, तुमची लढाई गेल्या महिन्यात माझ्या दुकानात छापायला आली. तुम्हाला दुकान ठाऊक नाही. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आम्ही ते लातुरात टाकलं. आधी नुसतं झेरॉक्स होतं, आता फ्लेक्स, लग्नपत्रिका, घराचे प्लॅन, मोठे नकाशे, जे येईल ते छापतो. गल्ल्यावर तुमचे जावई बसतात आणि यंत्रावर मी उभी असते, कारण त्यांना रंगातलं काही कळत नाही आणि मला गिऱ्हाइकाशी गोड बोलणं जमत नाही. तुमच्यावरच गेलेय, दुसरं काय. तर एका दुपारी उदगीरकडचे एक निवृत्त सुभेदार आले. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन ड्राइव्ह. माजी सैनिकांच्या सभागृहात त्यांना एकाहत्तरच्या लढाईचं प्रदर्शन मांडायचं होतं आणि त्यासाठी जुन्या लष्करी नकाशांच्या प्रती त्यांनी कुठून कुठून गोळा केल्या होत्या. एकाच लढाईचे चार मोठे कागद. पहिल्यावर लढाईच्या आधी कोण कुठं होतं ते, दुसऱ्यावर आपली पहिली चाल, तिसऱ्या-चौथ्यावर पुढचं सगळं. "ताई, निळा रंग निळाच आला पायजे बरं का," ते म्हणाले. "मागं एका ठिकाणी छापून घेतलं, तर आपली अख्खी फौज जांभळी आली." मी हसले. मग बोलता बोलता त्यांनी ती लढाई झाली त्या गावाचं नाव घेतलं आणि माझा हात होता तिथंच राहिला.

ते नाव मी तुमच्या तोंडून सोडून दुसऱ्या कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी मला वाटायचं, ते गाव फक्त आपल्या घरात आहे. म्हणजे एका अर्थी खरंच होतं ते. मुदखेडच्या अलीकडे रुळाला लागून आपलं क्वार्टर, पुढची खोली आणि मागची खोली, आणि मागच्या खोलीत चूल. फौजेतून परतल्यावर तुम्हाला रेल्वेत फाटकवाल्याची नोकरी लागली आणि आमचं सगळं लहानपण गाड्यांच्या मागंपुढं गेलं. शाळेत जायची वेळ कुठल्या तरी मालगाडीवरून ठरायची आणि संध्याकाळचं जेवण पॅसेंजर गेल्याशिवाय व्हायचं नाही. ती पॅसेंजर येईपर्यंतचा वेळ तुमचा. त्या वेळात तुम्ही लढाई करायचात.

माय चुलीपुढं बसली आहे. तिच्या बाजूला परात, परातीत ज्वारीचं पीठ. तुम्ही परातीपाशी मांडी घालून बसता, तोंड चुलीकडं, आणि आम्ही दोघं भावंडं तुमच्या दोन गुडघ्यांशी. तुम्ही तळहातानं पीठ सारखं करता. माय बघते आणि म्हणते, "पीठ हाय ते. लढाई करायला येवढं शिवार पडलंय की भायेर." तुम्ही तिच्याकडं लक्ष देत नाही. बोट पाण्यात बुडवून चुलीच्या बाजूला पिठावर एक ओली रेघ ओढता. ती नदी. एक लांब हिरवी मिरची आडवी ठेवता. तो रेल्वेचा रूळ. डाव्या हाताला अर्धा कांदा पालथा घालता. ती वीटभट्टी. मग तुमच्या मांडीजवळच्या कडेला बोटानं एक चौकोन काढून त्यात फुली मारता. तो चौकोन मला बाजेसारखा दिसायचा आणि मी एकदा विचारलंही होतं, की लढाईत तुम्ही बाज कशाला नेली. तुम्ही इतके हसलात की माय पण हसली. "आगं, ती आमची पलटण. पायदळाची खूण हाय ती." मग समोर बोट दाखवून म्हणायचात, "अन् ही चूल. चूल म्हंजे दुश्मन. तुमची माय बगा, पार दुश्मनाच्या हद्दीत जाऊन बसलीय." माय फुंकणी उचलायची. "या की मग चाल करून," म्हणायची.

शेवटी तुम्ही ज्वारीचे दोन दाणे घ्यायचात. "हा मी. हा बिलोलीचा." बिलोलीचा म्हणजे तुमचा जोडीदार. बिलोलीकडचा, तुमच्याबरोबरच भरती झालेला, तुमच्याच तुकडीतला. त्याच्या गोष्टी लढाईपेक्षा जास्त असायच्या. तो बिडी ओढताना डोळे मिटायचा, तो झोपेत तेलुगूत बोलायचा, त्याला चिखलाची लई किळस आणि नेमकं तिकडं सगळा चिखलच. दोन दाणे भाताच्या चिखलातून, केळीच्या बागेतून सरकत सरकत कांद्यापर्यंत यायचे. पहाट व्हायची, धुकं असायचं, वीटभट्टीच्या आडोशाला दोघं लपलेले असायचे आणि समोरून गोळ्या सुरू व्हायच्या. भाऊ विचारायचा, "मग?" आणि नेमका पुढच्या खोलीतला फोन वाजायचा. स्टेशनातून गाडी सुटली. तुम्ही उठायचात. "थांबा, गाडी गेली की सांगतो." फाटक पडायचं, हिरवा कंदील घेऊन तुम्ही उभे राहायचात, पॅसेंजर धडधडत जायची आणि भांड्यांवरची झाकणं वाजायची. तुम्ही परत येईपर्यंत मायनं पलटणीसकट सगळं पीठ मळून घेतलेलं असायचं, मिरची ठेच्यात गेलेली असायची आणि वीटभट्टी भावानं खाल्लेली असायची. आम्ही "मग?" म्हटलं की तुम्ही ताटावर बसत म्हणायचात, "मग काय, जिंकलो की. जेवा." रोज असंच. आणि तरी दुसऱ्या दिवशी आम्ही परातीपाशी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे बसायचो.

बिलोलीला तुम्ही मला एकदा घेऊन गेला होता. भाऊ तापानं फणफणला होता म्हणून मी. एसटीत मी खिडकीशी बसले होते आणि मनात नुसतं त्या दाण्याला भेटायचं होतं. तो बिडी ओढताना खरंच डोळे मिटतो का ते बघायचं होतं. घरात एक म्हातारी आणि एक बाई होती. बाईनं मला गूळ-शेंगदाणे दिले, निघताना पोलक्याचं कापड दिलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. तुम्ही ओसरीवर बसून राहिलात. ना तुम्ही बोललात, ना ती म्हातारी बोलली. भिंतीवर फौजी टोपी घातलेल्या माणसाचा फोटो होता आणि त्याला हार होता. हार घातलेल्या फोटोचा अर्थ मला तेव्हा कळत होता, नाही असं नाही. पण तो हार त्याचा आणि आपला दाणा निराळा, असं मी मनाशी धरून ठेवलं. कारण दुसऱ्या दिवशी परातीत तुम्ही परत दोन दाणे घेतलेत आणि म्हणालात, "हा मी. हा बिलोलीचा."

मग ती पंधरा ऑगस्ट आली. शाळेतला तो दिवस मी तुमच्याजवळ कधी काढला नाही आणि तुम्ही पण काढला नाही. हेडमास्तर स्वतः फाटकावर येऊन बोलावून गेले होते, की मुलांना लढाईची हकीकत सांगा. मायनं तुमचा कोट उन्हात टाकला, पदकं चिंचेनं घासली. तुम्ही फळ्यापुढं उभे राहिलात, खडू घेतलात आणि अगदी घरच्यासारखं काढायला लागलात. वरती नदी, मधे रूळ, डावीकडं भट्टी, खाली फुलीचा चौकोन, आणि चुलीच्या जागी दुश्मन. मी चौथीच्या रांगेत ताठ बसले होते. परात नव्हती, एवढाच फरक होता. हेडमास्तर भूगोल शिकवायचे. माणूस वाईट नव्हता, पण समोर मुलं दिसली की विनोद केल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. त्यांनी छडी फळ्याच्या वरच्या कडेला टेकवली. "नकाशात वरची बाजू कोणती रे, मुलांनो?" सगळे ओरडले, "उत्तर!" "तिथं तर आपला देश उत्तरेला. आणि ह्यांच्या फळ्यावर शत्रू उत्तरेला, हे स्वतः दक्षिणेला. म्हणजे आपली फौज ह्या लढाईत शत्रूच्या मुलखातून निघून आपल्याच देशावर चाल करून गेली म्हणायची!" हसू फुटलं. मास्तर हसले, पोरं हसली, सरपंच हसले. तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही फळ्याकडं बघत राहिलात. एकदा वर, एकदा खाली. मग हातानंच फळा पुसलात आणि म्हणालात, "असंल. चुकलं असंल." आणि पेढा न घेताच घरी आलात.

मला त्या हसण्याचा तितका राग नाही आला, अण्णा, जितका त्या "असंल"चा आला. कारण ते तुम्ही मास्तरांना म्हणाला नव्हता. तुमच्या तोंडाकडं बघून मला कळलं, की तुम्हालाच शंका आली. धुकं, चिखल, गोळ्या, इतक्या वर्षांची मधली झोप. आपण बघितलं ते खरंच तसं होतं का, असं काहीतरी तुमच्या मनात शिरलं. त्या संध्याकाळी मायनं परात मुद्दाम तुमच्या मांडीशी सरकवली. पीठ सारखं करून दिलं. अर्धा कांदा सुद्धा चिरून ठेवला, ती बया, जी रोज कुरकुर करायची. तुम्ही पिठाला बोट लावलं नाहीत. "भाकरी कर," म्हणालात. त्यानंतर आपल्या घरात लढाई झाली नाही. शाळेत पोरं भावाला 'उलटी पलटण' म्हणून चिडवायची आणि तो मारामारी करून शर्ट फाडून यायचा. मग त्यानं मारामारी सोडली आणि दुसरा उपाय शोधला. तो सांगायला लागला, की आमचा बाप लढला-बिढला नाही, लांगरी होता, फौजेत स्वयंपाक करायचा. स्वयंपाक्याला कोण चिडवणार? पुढं मोठेपणी तेच त्याच्या अंगवळणी पडलं. पदकं कशाची, असं मी विचारलं की म्हणायचा, "तशी समद्यालाच मिळत्यात." स्वतःच्या पोरांना पण त्यानं हेच सांगितलं. तुम्ही ते ऐकलंय. ऐकून गप्प बसलात, हेही मी बघितलंय. आणि तसेच एक दिवस गेलात.

तर आता दुकानातलं सांगते. सुभेदारसाहेब समोर बसलेले, जावई त्यांना चहा पाजून राहिलेत, आणि मी नकाशा संगणकावर उघडते. अण्णा, नदी पानाच्या तळाशी होती. आपली निळी फौज वरच्या अंगाला, डोंगरांकडून खाली उतरत होती. लाल दुश्मन खाली. वीटभट्टी होती, इंग्रजीत नाव घालून होती, पण ती उजवीकडं. एकही वस्तू परातीतल्या जागी नव्हती. म्हणजे मास्तरांचंच खरं, भाऊच शहाणा, असं मनात आलं आणि मला रडू यायला लागलं. गिऱ्हाइकासमोर रडायची सोय नसते म्हणून मी रंग जुळवत बसले. तुम्हाला वाटेल, एवढं आयुष्य कागदात गेलं आणि ह्या बाईला एवढंही उमगू नये! पण इतकी वर्षं मनाशी एक धरून ठेवलेलं असतं ना, ते हातातून सुटायला लागलं की माणसाला सरळ सुद्धा दिसत नाही.

आमच्या धंद्यात एक गंमत आहे. मोठ्या यंत्रातून कागद बाहेर येतो तो डोक्याकडून. वरची कड आधी निघते आणि खाली लोंबायला लागते, त्यामुळं यंत्रापुढं उभं राहणाऱ्याला सगळं उलटं दिसतं. लातुरातले झाडून सगळे पुढारी, नवरदेव आणि वाढदिवसाची बाळं माझ्यापुढं आधी डोकं खाली करून येतात आणि मग चौकात सरळ होतात. मला त्याची इतकी सवय आहे, की मी बघतही नाही. नुसता रंग बघते. त्या दिवशी दुसरा कागद निघायला लागला. आधी डोंगर आले आणि खाली लोंबले. मग फुली मारलेले निळे चौकोन आले आणि माझ्या पोटाशी येऊन थांबले. त्यांच्यावर केळीच्या बागा, रूळ. डाव्या हाताला वीटभट्टी. आणि सगळ्यात शेवटी, वर, यंत्राच्या तोंडापाशी, नदी. मी परातीपुढं बसले होते, अण्णा. तुमच्या गुडघ्याशी. मिरची होती तिथं मिरची, कांदा होता तिथं कांदा, बाज होती तिथं बाज. यंत्र गरम झालेलं, त्याची धग तोंडावर येत होती, आणि मला समोर चूल असल्याचा भास झाला. निळा बाण पोटापासून निघून वर वर जात वीटभट्टीपर्यंत आला होता आणि तिथं थांबला होता.

मी मोठ्यानं म्हणाले, "उलटं नव्हतंच!" जावई दचकले. सुभेदारसाहेब उठून आले, त्यांना वाटलं रंग बिघडला. मी त्यांना चूल, परात, फळा, सगळं सांगितलं, जसं आलं तसं. ते ऐकून म्हणाले, "बेटी, त्यात नवल काय? हल्ल्याच्या आदी जमिनीवर मातीचा नकाशा मांडत्यात. नदी, रूळ, मोर्चे, समदं. जवान त्याच्या ह्या बाजूला बसतो अन् दुश्मन समोर. उत्तर कुठं ते दाखवायला एक बाण ठेवत्यात, न्हाई असं न्हाई. पर जवानाच्या ध्यानात काय ऱ्हातं? समोर काय अन् डाव्या हाताला काय. हितं तर आपण उत्तरेकडनं दक्षिणेला उतरलेलो. म्हंजे तुमच्या वडलांच्या समोर दक्षिणच असणार." मग त्यांनी विचारलं, "कंच्या तुकडीत होते?" मला सांगता आलं नाही. मी म्हणाले, वीटभट्टीपाशी होते. त्यांनी त्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मग लई पुढं होते." चारही कागदांच्या आणखी एकेक प्रती मी माझ्यासाठी काढून घेऊ का, असं मी विचारलं तर म्हणाले, "विचारायचं काय त्यात?"

त्याच आठवड्यात मी नांदेडला गेले. नकाशा ठेवायची प्लास्टिकची लांब नळी असते, ती खांद्याला अडकवून एसटीत बसले. भाऊ आता चौथ्या मजल्यावर राहतो. केस पांढरे झालेत, चालताना तो तुमच्यासारखाच एका बाजूला कलतो, हे त्याला सांगितलं की रागावतो. दारातच नळी बघून म्हणाला, "ह्ये काय? कुन्या पुढाऱ्याचं बॅनर आणलंस?" मी म्हणाले, "अण्णांची लढाई आणली." त्याचा चेहरा उतरला. "कामून उकरून काढून राहिलीस ते? झालं गेलं." "खाली बस." "गुडघं न्हाई वाकत माझे." "वाकव." तो कुरकुरत बसला. स्वयंपाकघराच्या फरशीवर मी पहिले दोन कागद पसरले, कोपऱ्यांवर साखरेचा डबा, कुकरचं झाकण, खलबत्ता ठेवला. वहिनी म्हणाली, आत्ताच फरशी पुसली होती. मी मुद्दाम आधी दोन्ही कागद सरळ ठेवले होते. भावानं चश्मा लावला, बघितलं आणि मान हलवली. "वर आपण, खाली नदी. हेडमास्तर बरोबरच बोल्ले होते की." मग मी डबा, झाकण, सगळं उचललं आणि दोन्ही कागद गर्रकन फिरवले. नदी गॅसच्या ओट्याकडं गेली, निळे चौकोन भावाच्या मांडीशी आले.

मग त्यानं विचारलं, "अण्णा कुठं बसायचे?" मी म्हणाले, "तू बसलाहेस तिथं." त्यानं रुळावरून बोट फिरवलं. "मिरची," म्हणाला. पुटपुटल्यासारखं. बोट डावीकडं गेलं आणि थांबलं. मग त्यानं मान वर न करताच वहिनीला हाक मारली, "आगं, अर्धा कांदा दे बरं." वहिनी म्हणाली, "जेवायला टाइम हाय की अजून." "खायला न्हाई. दे." त्यानं तो कांदा पालथा करून वीटभट्टीवर ठेवला, नेमका, आणि अण्णा, तुमचा मुलगा रडला. इतक्या मोठ्या माणसाला असं रडताना बघवत नव्हतं. "पोरांना सांगितलं गं मी. आजोबा लांगरी होते म्हणून. त्यांच्या म्होरं सांगितलं." मी म्हणाले, "मग आता दुसरं सांग. पोरं आहेत की अजून." वहिनी ओट्याला टेकून उभी होती, तीही डोळे पुसायला लागली. आपण कशासाठी रडतोय हे तिला अजून नीट कळलेलं नव्हतं.

त्या वेळी मला तुम्ही हवे होता. नुसतं वाटलं असं नाही, जीव तुटला. इतकी वर्षं मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची होती आणि सांगायला हातात काही नव्हतं. आता आहे, तर ऐकायला तुम्ही नाही. म्हणून लिहून ठेवते. अण्णा, तुमचं बरोबर होतं. नदी होती तिथंच होती. भट्टी डाव्या हातालाच होती. तुम्ही जिथं तोंड करून चाललात, तिथं दुश्मनच होता. फळा पुसायची काही गरज नव्हती. मायला पण सांगा, ती जिथं असेल तिथं तुमच्या जवळपासच असेल, की तिनं चिरलेला कांदा वाया गेला नाही.

आणि आणखी एक. कांदा ठेवून झाल्यावर, डोळे पुसून झाल्यावर भावानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मग?" अगदी तस्सं, गुडघ्याशी बसून विचारायचा तसं. "मग पुढं काय झालं? पुढचे कागद कुठं हायेत?" मी म्हणाले, आणले नाहीत. पुढच्या खेपेला आणते. तो हिरमुसला. वहिनीनं तो कांदा उचलून कोशिंबिरीत घातला आणि आम्ही जेवलो.

हे पत्र कुठं टाकणार? भावाकडून निघाल्यावर मुद्दाम मुदखेडकडं जाऊन बघितलं, फाटकही राहिलं नाही. रुळाखालून रस्ता काढलाय, पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचतं म्हणतात. तेव्हा पत्र त्या नळीतच सरकवते आहे, नकाशांबरोबर. नळी कपाटावर ठेवली आहे. आणि खरं सांगायचं तर, तिसरा आणि चौथा कागद त्या दिवशीही नळीतच होते, माझ्या पाठीशी. मी ते अजून बघितलेले नाहीत. माझ्या प्रती छापताना सुद्धा नुसती कडेची रंगपट्टी तपासली, निळा निळा आहे एवढं बघितलं आणि छापील बाजू आत घेऊन गुंडाळून टाकले. बिलोलीच्या ओसरीवर तुम्ही कसे बसला होता ते आता आठवतं आणि वाटतं, एखाद्या संध्याकाळी गाडी आली नसती तरी तुम्ही वीटभट्टीपाशीच थांबला असतात. तुम्हाला दोन दाणे कांद्याच्या पुढं न्यायचेच नव्हते. नकाशाला काय, तो बाण पुढं नेईलच. पण तुम्ही म्हणाला होता, गाडी गेली की सांगतो. ती गाडी अजून गेलेली नाही, असं मी धरून चालले आहे.